एका ‘त’चा फरक

इंग्रजीतील ‘यूज्ड टु’ हा छोटासा क्रियापदबंध आपल्याकडील विद्यार्थ्याला शाळेतच भेटतो, पाठ होतो, आणि पुढे बहुधा जन्मभर चुकीच्या जागी वापरला जातो. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला फार तर अर्धे पान मिळते. माझ्या अनुभवात मात्र त्याने माणसे मारली आहेत. निदान कागदावर तरी.

हे अतिशयोक्त वाटेल, म्हणून उदाहरणच देते. जुन्या जालन्यात राहून मी बरीच वर्षे पदवीच्या मुलांना इंग्रजी शिकवीत आले आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी आईवर किंवा वडिलांवर एक परिच्छेद लिहायला सांगते. विषय बाळबोध खरा, पण त्यात मुलांना शब्द शोधावे लागत नाहीत आणि मला वाक्यरचना नीट पाहता येते. अशाच एका परिच्छेदात एका मुलीने लिहिले होते, ‘माय मदर यूज्ड टु सेल व्हेजिटेबल्स. शी यूज्ड टु गेट अप ॲट फोर. शी यूज्ड टु टेल मी टु स्टडी.’ इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा कोणीही वाचक तिसऱ्या वाक्यापाशी आवाज खाली आणील. ही आई आता नाही, असेच ती वाक्ये सांगतात. तास संपल्यावर मी मुलीला बाजूला घेऊन जरा अडखळतच आईविषयी विचारले. तिला प्रश्नच कळेना. “आत्ता बसली असंल की बाजारात,” ती म्हणाली.

मुलीच्या मनातले मराठी वाक्य होते, ‘माझी आई भाजी विकत असते.’ इंग्रजीत उतरलेल्या वाक्याचा मराठी अर्थ होतो, ‘माझी आई भाजी विकत असे.’ दोन वाक्यांत अंतर आहे ते एका ‘त’चे. आपल्या भाषेने एका अक्षरावर जिवंत आणि गत यांचा भार टाकला आहे, आणि मराठी बोलताना आपण कोणीही तेथे चुकत नाही. शाळा न पाहिलेली बाईसुद्धा ‘विकत असते’ आणि ‘विकत असे’ यांत गफलत करणार नाही. (बोलताना ती दुसऱ्याऐवजी ‘विकायची’ म्हणेल, इतकेच.) मग इंग्रजीत शिरताना हाच फरक गळून का पडावा?

याचे सोपे उत्तर ‘मुले अभ्यास करीत नाहीत’ हे आहे. ते शिक्षकांच्या खोलीत फार लोकप्रिय असले, तरी मला ते पटत नाही. कारण ही चूक आळशी मुलगा करतो तशी हुशार मुलगीही करते. इतकेच नव्हे, थोडे बरे इंग्रजी येणारा ती अधिक करतो. ज्याला ‘आय गो’ एवढेच येते तो ‘आय गो’ म्हणून सुटतो आणि योगायोगाने बरोबर ठरतो. शिवाय हे केवळ मराठवाड्याचे दुखणे नाही. भारतभरच्या इंग्रजीत, आणि सिंगापूर-मलेशियाकडील इंग्रजीतही, चालू सवयीसाठी ‘यूज्ड टु’ वापरला जातो, अशी नोंद भाषाभ्यासकांनी केली आहे. इतके लोक एकाच ठिकाणी घसरतात तेव्हा दोष घसरणाऱ्यांत न शोधता तेथील जमीन पाहावी.

जमीन अशी आहे. मराठीतील साधा वर्तमानकाळ फार कामाचा माणूस आहे. त्याच्याकडे घरातली सगळी कामे सोपवलेली आहेत. ‘मी जातो’ म्हणजे रोज जातो, आत्ता निघालो, आणि थोड्या वेळाने जाणार, हे तिन्ही. उंबऱ्यावर उभा राहून चपला घालणारा पाहुणा ‘बरं, येतो’ म्हणतो तेव्हा तो चाललेला असतो. अशा ओझ्याखालच्या काळाला सवयीचे कामही दिले तर ते स्पष्ट होईलच असे नाही, म्हणून मराठीने त्यासाठी वेगळी सोय केली: ‘जात असतो’. याला व्याकरणात रीतिवर्तमानकाळ म्हणतात. त्याचा भूतकाळातला भाऊ म्हणजे ‘जात असे’ किंवा ‘जाई’, रीतिभूतकाळ. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ही रूपे आख्यातांच्या वर्गवारीत नीट मांडलेली आहेत, आणि शालेय व्याकरणात आजही त्यांची नावे पाठ करून घेतली जातात.

इंग्रजीत या जोडीपैकी एकच भावंड आहे. भूतकाळातल्या सवयीसाठी ‘यूज्ड टु’ आहे. वर्तमानातल्या सवयीसाठी असा स्वतंत्र प्रयोग नाही, तेथे साधा वर्तमानकाळच चालवतात. इंग्रज माणसाला ‘शी सेल्स व्हेजिटेबल्स’ यात सवय ऐकू येते. मराठी मुलाला ते वाक्य ओकेबोके वाटते. त्यात ‘असते’ कुठे आहे? ते ‘असते’ शोधत तो इंग्रजीच्या घरात फिरतो, आणि त्याला सवयीच्या वासाची एकच वस्तू सापडते. तो ती उचलतो. माझ्या मते यात निष्काळजीपणापेक्षा भाषेची जाणच अधिक आहे. त्याच्या भाषेत असलेला एक बारीक भेद त्याला परक्या भाषेतही करायचा असतो.

कानाचाही यात वाटा आहे. ‘यूज्ड टु’ असे आपण लिहितो, पण उच्चार होतो ‘यूस्टु’. भूतकाळाची खूण असलेला तो ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरघळून जातो. कानाला भूतकाळ ऐकूच येत नाही. त्यामुळे मुलाच्या दृष्टीने ‘यूस्टु’ हा ‘नेहमी’सारखा एक अव्यय होऊन बसतो: क्रियापदाच्या आधी चिकटवला की सवय झाली. (प्रश्न विचारताना त्याचे लेखन ‘डिड’पुढे कसे करावे, ‘ड’ ठेवावा की काढावा, यावर खुद्द इंग्रज लेखकही अडखळतात. तेव्हा आपण फार लाजायचे कारण नाही.)

जुन्या जालन्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. कुंडलिका नदीच्या या बाजूला मराठी, दखनी आणि हिंदी एकाच चौकात नांदतात. गांधी चमनापासून मस्तगडापर्यंत चालत गेले तर तिन्ही कानांवर पडतात. आणि या तिन्ही भाषांत सवयीची खूण आणि काळाची खूण वेगवेगळ्या शब्दांत असते: ‘जाता है’, ‘जाता था’; ‘जाया करता है’, ‘जाया करता था’. पहिला भाग तोच राहतो, शेवटचा शब्द काळ सांगतो. मुलाच्या कानाला तीन भाषांनी मिळून हेच शिकवलेले असते की सवय एकीकडे आणि काळ दुसरीकडे. इंग्रजीने मात्र दोन्ही एकाच शब्दात, तेही न ऐकू येणाऱ्या ‘ड’मध्ये, कोंबले आहेत.

माझे आजोबा निजामाच्या राजवटीत शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत त्यांचे सारे शिक्षण उर्दूतून झाले, इंग्रजीसुद्धा. त्यांना इंग्रजी फारसे बोलता येत नसे; पण ‘यूज्ड टु’ त्यांच्या तोंडी कधी चुकल्याचे मला आठवत नाही. त्यांना शाळेत त्याचा अर्थ एकाच शब्दसमूहाने सांगितलेला होता: ‘किया करता था’. ते सांगताना ‘था’वर ते असा जोर देत की समोरच्या पोराने दचकावे. “सगळी गंमत ‘था’मध्ये आहे,” असे ते म्हणत. आमच्या पिढीला त्याच शब्दाचा अर्थ ‘नेहमी करणे’ असा सांगण्यात आला. ‘था’ निसटला तो तेथे. भाषांतराने शिकवणे मागासलेले मानण्याची एक लाट मध्यंतरी येऊन गेली. ती आली तेव्हा चांगल्या भाषांतराची पद्धतही वाईट भाषांतराबरोबर वाहून गेली, असे मला वाटते.

आता या गोष्टीची अशी एक बाजू, जी साहित्याच्या विद्यार्थ्याला अधिक जवळची वाटेल. इंग्रजीलाही पूर्वी वर्तमानातल्या सवयीचा हा प्रयोग होता. ‘यूज टु’ हे रूप वर्तमानकाळात, ‘करीत असतो’ या अर्थी, सोळाव्या-सतराव्या शतकांत सर्रास चाले. १६११ च्या इंग्रजी बायबलात ११९ व्या स्तोत्रात देवाच्या चालू रीतीविषयी बोलताना हेच क्रियापद वर्तमानकाळात आले आहे. पुढे वर्तमानकाळाचे रूप झडले आणि भूतकाळाचे तेवढे उरले. म्हणजे भाजीवालीच्या मुलीने जे केले ते इंग्रजीने स्वतः एकेकाळी केले होते. फक्त तिने ते तीन-चारशे वर्षे उशिरा केले, आणि ‘ड’ लावून केले.

मराठीत याहून नवल घडले आहे. ‘करी’, ‘जाई’, ‘बोले’ ही आज रीतिभूतकाळाची मानली जाणारी रूपे मुळात वर्तमानकाळाची आहेत. संस्कृत ‘करोति’पासून प्राकृताच्या वाटेने आलेला ‘करी’ जुन्या मराठीत ‘करतो’ याच अर्थाने नांदत होता. ‘करतो’सारखी नवी रूपे पुढे आली, त्यांनी वर्तमानकाळाची गादी घेतली, आणि जुने वर्तमान भूतकाळात जाऊन राहिले. पण म्हणींनी त्याला सोडले नाही. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीचा अर्थ कोणी ‘देव ज्याला तारीत असे त्याला कोण मारीत असे’ असा करणार नाही. ‘दाम करी काम’ म्हणताना पैसा पूर्वी काम करीत असे आणि आता करीत नाही, असे आपल्या मनातही येत नाही. उलट अनुभव तर अधिकच आहे. ‘खाई त्याला खवखवे’ हेही तसेच. ही रूपे जुन्या गढीतल्या त्या खोलीसारखी आहेत, जिचे छप्पर अजून टिकून आहे आणि जिच्यात अजून कोणी राहतेही.

आणि येथेच मराठीचे विद्यार्थी नेमकी तीच चूक उलट्या दिशेने करतात. मराठी विभागातील सहकाऱ्यांकडून कधी कधी उत्तरपत्रिका चाळायला मिळतात. अभंगाचे रसग्रहण लिहिताना मुलगा ‘देव भक्ताचे रक्षण करीत असे’ असे लिहून मोकळा होतो, कारण ‘करी’ म्हणजे रीतिभूतकाळ हे त्याने शाळेत पाठ केलेले असते. समर्थ रामदासांचे जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. त्यांच्या पिढीपर्यंतच्या संतकवितेत ही रूपे पदोपदी वर्तमानकाळी भेटतात. संत जे आत्ता, समोर, घडताना पाहतो आहे ते विद्यार्थी पूर्वी कधीतरी घडत असे म्हणून सांगतो. इंग्रजीत त्याने जिवंत आई भूतकाळात घातली. मराठीत देव घातला. रसग्रहणाचे दहापैकी सहा गुण त्याला मिळतातही. पण कवितेत जे धगधगत होते ते एका काळाच्या चुकीने विझले, ही गोष्ट गुणपत्रिकेत दिसत नाही.

मोठी माणसेही यातून सुटलेली नाहीत. एका निवृत्त प्राध्यापकांच्या गौरवग्रंथात त्यांच्या विद्यार्थ्यांनी लेख लिहिले होते. लेखागणिक ‘सर म्हणत असत’, ‘सर येत’, ‘सरांचा दबदबा असे’. शिकवण्याचे दिवस संपले म्हणून हा भूतकाळ, हे खरे. पण तीनशे पाने सलग ‘असत’ वाचल्यावर काय होते ते सरांनीच सांगितले. प्रकाशनानंतर चहा घेताना ते म्हणाले, “पुस्तक छान झालंय. फक्त मला पुन्हापुन्हा उठून आरशात बघावं लागलं.”

हा झाला विनोद. पण एकदा या ‘यूज्ड टु’ने विनोदाची पायरी ओलांडली. आमच्या गल्लीतले एक काका, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलेले, मुलाकडे परदेशी गेले होते. तेथे पाय घसरून पडले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. डॉक्टरांनी औषधांविषयी विचारले. मुलगा कामावर होता. काकांनी स्वतःच्या इंग्रजीचा अभिमान बाळगून उत्तर दिले, ‘आय यूज्ड टु टेक अ टॅब्लेट फॉर बीपी.’ ‘मी रक्तदाबाची गोळी घेत असतो.’ डॉक्टरांनी टिपून घेतले: पूर्वी घेत असत, आता बंद. तीन दिवस गोळी मिळाली नाही. आकडा चढत गेला, कारण कोणाला कळेना, शेवटी सुनेने घरून औषधांची पाकिटे आणली तेव्हा उलगडा झाला. काका सुखरूप परतले. मला मात्र त्या प्रसंगात राहून राहून वाटते ते हे, की दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते आणि दोघांनीही एकमेकांचे लक्षपूर्वक ऐकले होते.

म्हणूनच ‘ही आपली भारतीय इंग्रजी आहे, तिला चूक म्हणू नये’ हे म्हणणे मला येथे पुरते मान्य करवत नाही. एरवी मी त्या पक्षाची आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडण्याला आपण ‘पास आउट’ म्हणतो आणि इंग्रजाला त्यात शुद्ध हरपणे दिसते. दिसू दे, क्षणभरात संदर्भाने उलगडते. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ जास्तीचा आहे. असू दे, त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण ‘यूज्ड टु’च्या बाबतीत वाक्य दोन्ही ठिकाणी निर्दोष असते आणि अर्थ उलटा होतो. ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. जी चूक स्वतःला चूक म्हणून ओळखू देत नाही ती सुधारलीच पाहिजे.

मात्र सुधारायची कशी, हा प्रश्न लाल शाईने सुटत नाही. एका वर्षी एका मुलाने वडिलांवर लिहिले. ते मोंढ्यात हमाली करीत, संध्याकाळी येताना भत्त्याचा पुडा आणीत, रात्री त्याच्याकडून पाढे म्हणून घेत. सगळा परिच्छेद ‘यूज्ड टु’ने भरलेला. वर्गात त्या आठवड्यात तीच चूक चाळीसपैकी तीस मुलांनी केली होती. त्याच्या कागदावर काही खूण करण्याआधी मी त्याला नुसते विचारले, वडील आता काय करतात? तो म्हणाला, “ते दोन वर्षांपूर्वी वारले, मॅडम.” त्याची सातही वाक्ये बरोबर होती. शेजारच्या बाकावर हीच वाक्ये, याच शब्दांत, चूक होती. व्याकरणाचे असे प्रसंग फार थोडे असतात, जेथे वाक्य शुद्ध की अशुद्ध हे कागदावर पाहून सांगताच येत नाही, त्या घरी कोण आहे आणि कोण नाही ते आधी विचारावे लागते.

तेव्हापासून मी हा पाठ मराठीतून शिकवते. फळ्यावर आधी ‘विकत असते’ आणि ‘विकत असे’ एवढेच लिहिते, आणि मुलांना तो ‘त’ पुसायला सांगते. पुसला की काय झाले, हे त्यांचे तेच सांगतात. मग ‘असे’च्या समोर ‘यूज्ड टु’ लिहायचे आणि ‘असते’च्या समोरची जागा रिकामी ठेवायची; इंग्रजीत तेथे काही नाही, साधे ‘सेल्स’ आहे, ही रिकामी जागाच लक्षात ठेवायची. याने सगळ्यांचे सुधारते असे नाही. पण चूक झाली तर ती कुठे झाली हे त्यांना कळते.

याचा जुळा भाऊ ‘बी यूज्ड टु’, म्हणजे सवय असणे, हा वेगळाच प्राणी आहे. तेथे मुले ‘आय ॲम यूज्ड टु गेट अप’ म्हणतात, कारण मराठीत ‘उठायची सवय’ असते. त्यांना मी ‘सवय’ऐवजी ‘सरावणे’ वापरायला सांगते. ‘थंडीला सरावलो’, ‘गर्दीला सरावलो’, ‘पहाटे उठण्याला सरावलो’. ‘ला’च्या आधी नामच लागते, क्रियापद आले तर त्याला ‘णे’ लावून नाम करावे लागते. इंग्रजीतला तो ‘टु’ म्हणजे हा ‘ला’, आणि ‘गेटिंग’मधला ‘इंग’ म्हणजे हा ‘णे’. मराठी मुलाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही.

सरावासाठी वाक्ये मात्र पुस्तकातली घेत नाही. पुस्तकात कोणी जॉन रोज तळ्यावर फिरायला जात असे. मी गावातली घेते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने पाण्यासाठी जे दिवस काढले ते त्या वेळी लहान असलेल्या मुलांनाही सांगून ठाऊक आहेत. तेव्हा फळ्यावर लिहिते: ‘नळाला रोज पाणी येत असे.’ हे ‘यूज्ड टु’ने बिनचूक होते. मग लिहिते: ‘आमच्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी येत असते.’ येथे ‘यूज्ड टु’ नाही, साधे ‘कम्स’. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. दोन्ही वाक्ये तिला जमली होती. तिला तिसरे हवे होते: “आणि आता आम्हाला त्याची सवय झालीये, हे कसं म्हणायचं?”

मी ते फळ्यावर लिहिले. ‘वी हॅव गॉट यूज्ड टु इट.’ मुलांनी वहीत उतरवून घेतले.